जे बोलता येत नाही, ते कागदावर उतरतं का? (आर्ट थेरपी आणि आपली विदर्भातली गावं)

गेरू_चुना

नमस्कार मंडळी,

मी यवतमाळ जिल्ह्यात समुपदेशक म्हणून काम करते. घाटंजी, मारेगाव, झरी या पट्ट्यातल्या गावांत माझं जाणं-येणं असतं. घरातल्या कर्त्या माणसाने आत्महत्या केली, त्याच्या मागे राहिलेल्या बायका आणि लेकरं, यांच्यासोबत जास्त काम. आमच्या बैठकींत बोलण्याच्या जोडीला चित्र, माती, सुईदोरा हेही आम्ही वापरतो. या विषयावर इथे आजवर नीट धागा निघालेला दिसला नाही, आणि व्हॉट्सॲपवर 'काळा रंग वापरला म्हणजे नैराश्य, लाल म्हणजे राग' असलं काहीही फिरत असतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

चित्राची गरज का पडते ते आधी सांगते. अशा घरातली बाई पहिल्या महिन्याभरात किती जणांना तीच हकीकत सांगते, विचार करा. पोलीस पाटील, ठाणेदार, तलाठी, बँकेचा माणूस, पेपरवाले, पुढारी. प्रत्येकाला हवं असतं ते एकच: सातबारा कुणाच्या नावावर, कर्ज किती, बँकेचं की सावकाराचं, नापिकी झाली का. त्यावरून प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' हे ठरतं. पात्र ठरलं तर १ लाख, त्यातले ३०,००० हातात आणि ७०,००० ठेवीत. सांगून सांगून ती हकीकत अगदी पाठ होते. मी विचारलं तरी तीच ऐकायला मिळते, त्याच क्रमाने, त्याच शब्दांत. आणि त्या सगळ्या हकिकतीत ती बाई स्वतः कुठेच नसते. त्या दिवशी ती कुठे होती, तिला काय वाटलं, आता रात्री डोळा लागतो का, हे कुठल्याच रकान्यात बसत नाही.

कागदापुढे बसलं की ही पाठ झालेली हकीकत कामाला येत नाही. तिथे तलाठ्याचे प्रश्न संपतात.

एका काकूंचं सांगते (त्यांची परवानगी आहे, ओळख पटेल असं सगळं बदललंय). पेन्सिल त्यांनी हातात घेतलीच नाही, "ते शाळेतल्या पोरायचं काम" म्हणाल्या. मग तुराटीच्या काडीला कापूस गुंडाळून दिला आणि वाटीत गेरू कालवून दिला. घर सारवण्याची सवय असलेला हात, तो लगेच चालायला लागला. खाकी कागदावर त्यांनी आपलं वावर काढलं. धुरा, धुऱ्यावरचं बोराचं झाड, गोठा, पऱ्हाटीच्या ओळी. ओळी इतक्या सरळ की डवरणी केल्यासारख्या. विहिरीकडचा कोपरा मात्र कोरा सोडला. मी काही विचारलं नाही. पुढच्या वेळी त्यांनी तोच कागद मागितला आणि गोठ्याच्या अलीकडे एक बारकी बाई काढली, पाठीला ओटी बांधलेली. बराच वेळ तिच्याकडे पाहत बसल्या. मग म्हणाल्या, "मी तं इथंच होती. कापूस येचत होती. मले आवाजच नाही आला."

हे त्यांनी तोवर कुणालाही सांगितलेलं नव्हतं. सासरी नाही, माहेरी नाही. आपण इतक्या जवळ असून आपल्याला कळलं नाही, हा दगड त्या एकट्या वाहत होत्या आणि आपण काय वाहतोय हे त्यांनाही त्या दिवशीच दिसलं. कागदावर ती बारकी बाई आणि कोरा कोपरा यांच्यामध्ये केवढं अंतर आहे हे त्यांनीच बोट ठेवून मोजलं. "एवढ्या दुरून कसा येईन आवाज," हेही त्याच म्हणाल्या. मी तेच दहा वेळा समजावलं असतं तरी उपयोग झाला नसता.

थोडं या विद्येबद्दल. आर्ट थेरपी हे नाव १९४२ साली एड्रियन हिल या ब्रिटिश चित्रकाराने दिलं. क्षयरोगाने सॅनेटोरियममध्ये पडून असताना त्याने स्वतःसाठी चित्रं काढायला सुरुवात केली, मग बाकीच्या रोग्यांनाही बसवलं. पुढे अमेरिकेत दोन बायकांनी दोन वाटा पाडल्या. मार्गारेट नॉमबर्ग म्हणायची की मनातलं चित्रातून बाहेर येतं आणि त्याबद्दल बोललं की उलगडतं. एडिथ क्रेमर म्हणायची की चित्र करण्याच्या क्रियेतच बरं करण्याची ताकद आहे, प्रत्येक वेळी बोललंच पाहिजे असं नाही. मला खेड्यात काम करताना क्रेमरची वाट जास्त जवळची वाटते, कारण आपल्याकडे बोलायला लावणारे पुष्कळ आहेत.

क्रेमरची गुरू होती फ्रीडल डिकर-ब्रांडाइस. नाझींनी तिला तेरेझिनच्या छावणीत टाकलं, तिथे १९४२ ते १९४४ ती बंदी मुलांना चित्रं काढायला शिकवत राहिली. मुलाने कागदावर स्वतःचं नाव घातलंच पाहिजे, हा तिचा आग्रह असायचा. छावणीत त्यांना नंबर होते. ऑशवित्झला नेण्याआधी तिने सुमारे ४,५०० चित्रं दोन सुटकेसांत भरून लपवली. ती राहिली नाही, बहुतेक मुलंही राहिली नाहीत, चित्रं राहिली.

मला दोन गोष्टी इथे ठासून सांगायच्या आहेत. चित्राचा अर्थ ज्याने ते काढलं त्यानेच सांगायचा, बघणाऱ्याने नाही. आणि साहित्य आपल्याकडे भरपूर आहे. कमी पडतात ते आठवड्यातले दोन तास, जेव्हा बाईला कुणी हाक मारणार नाही, आणि शेजारी बसणारं एक माणूस, जे काही विचारणार नाही.

तुमचे अनुभव लिहा. शंका असतील त्याही लिहा.

माहेरवाशीण

वाचून अंगावर काटा आला ताई. मी मूळची अकोटकडची, आता पुण्यात.

तुमचं वाचताना भुलाबाई आठवली. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर आम्ही घरोघरी गाणी म्हणत फिरायचो. खाऊ ओळखायच्या नादात तेव्हा लक्षात यायचं नाही, पण त्या गाण्यांमध्ये सासू, नणंद, दीर, नवरा, सगळ्यांची उणीदुणी काढलेली असतात. माझी आई एरवी आजीसमोर मान वर करायची नाही, पण भुलाबाईची गाणी आम्हाला शिकवताना तिचा आवाज वेगळाच लागायचा. आजीही तिथेच बसून ताल धरायची, कारण तीही कुणाची तरी सून होतीच. आज वाटतं, वर्षातून एक महिना तरी आईला ते बोलायची मोकळीक होती. माझ्या वाट्याला ती आली नाही. लग्नानंतर पहिली पाच-सहा वर्षं मी काय गिळलं ते मी कुठेच म्हटलेलं नाही.

गेरू_चुना

@माहेरवाशीण, शेवटची ओळ लिहिलीत, हे मोठं काम केलंत. इथे जास्त लिहायची गरज नाही. पण पुण्यात तुम्हाला चांगली माणसं मिळतील, एकदा भेटा कुणाला तरी.

भुलाबाईचं खरं आहे. जात्यावरच्या ओव्यांचंही तेच. गिरणी आली आणि हाताचे कष्ट वाचले ते चांगलंच झालं, पण पहाटे एकटीने गाऊन मोकळं होण्याची जागा गेली ती गेलीच. त्या जागी दुसरं काही आलं नाही.

पुरावा_दाखवा

लेख मनापासून लिहिलाय, त्याबद्दल आदर आहे. पण उपचार म्हटलं की पुरावा मागणं भाग आहे.

ब्रिटनमध्ये स्किझोफ्रेनियाच्या ४१७ रुग्णांवर आर्ट थेरपीची मोठी चाचणी झाली, २०१२ साली तिचे निष्कर्ष आले. नेहमीच्या उपचारांना गटातल्या आर्ट थेरपीची जोड देऊन काही फरक पडला नाही. दुसरीकडे अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाचा २०१६ चा अभ्यास सगळीकडे सांगितला जातो: ४५ मिनिटं काहीतरी बनवलं आणि सुमारे ७५ टक्के लोकांचं कॉर्टिसॉल (ताणाशी जोडलेलं संप्रेरक) उतरलं. पण तिथे माणसं फक्त ३९, तीही निरोगी, आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. ४५ मिनिटं निवांत बसूनही ते उतरलं असतं कदाचित. यावरून यवतमाळच्या विधवेच्या दुःखावर चित्र हा उपाय आहे असं कसं म्हणायचं?

मनवैद्य

मी मनोविकारतज्ज्ञ आहे, नोकरीचा बराच काळ विदर्भातल्या जिल्ह्यांत गेला. @पुरावा_दाखवा यांचे दोन्ही आकडे बरोबर आहेत आणि ते इथे मांडले हे चांगलं केलं. २०१२ च्या चाचणीत गैरहजेरी फार होती हेही लक्षात घ्या, पण तेवढ्यावर निष्कर्ष उडवून लावता येत नाही. स्किझोफ्रेनियात औषध हाच पाया.

मात्र ड्रेक्सेलच्या अभ्यासातली एक गोष्ट मला उपयोगी वाटते. ज्यांना चित्र येत होतं आणि ज्यांनी कधी ब्रश धरला नव्हता, त्यांच्यात फरक दिसला नाही. "मला येत नाही" म्हणणाऱ्या माणसाला हे सांगता येतं. २००५ साली ८४ विद्यार्थ्यांवर झालेल्या आणखी एका अभ्यासात रेखीव मंडल (गोलातली नक्षी) रंगवणाऱ्यांची अस्वस्थता कोऱ्या कागदावर मनाला येईल ते रंगवणाऱ्यांपेक्षा जास्त उतरली. म्हणजे घाबरलेल्या माणसापुढे कोरा कागद ठेवून "काढा काहीही" म्हणणं त्याच्यासाठी जड जाऊ शकतं. त्याला चौकट द्या. आपल्याकडे ठिपक्यांची रांगोळी आहेच.

माझ्या मते आपल्या भागातला खरा प्रश्न 'कोणता उपचार' याच्या आधीचा आहे. माणूस उपचारापर्यंत पोचतच नाही. अमरावती जिल्ह्यात ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला, त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. सुरुवातीला नैराश्य असलेल्या शंभरातल्या चार-पाच जणांनीच कुणाची तरी मदत घेतली होती, नेमका आकडा ४.३ टक्के. गावातल्याच लोकांना शिकवून कामाला लावलं आणि दीड वर्षात तो २७.२ टक्क्यांवर गेला. गावातलं माणूस, गावातली बोली, घराच्या ओट्यापर्यंत जाणं, याने हे घडलं. धागाकर्तीची बैठक मला त्या वाटेवरचं काम वाटते. नैराश्य ओळखायला आणि माणसाला आमच्यापर्यंत आणायला ती मदत करते. ती औषधाच्या जागी बसवली तर मी विरोध करीन.

गेरू_चुना

@मनवैद्य सर, पूर्ण मान्य. माझ्याकडे येणाऱ्या ज्या बायकांना गोळ्यांची गरज आहे त्यांना मी आधी तिकडे घेऊन जाते.

@पुरावा_दाखवा, माझा दावा एवढाच आहे की चित्र काढताना माणसाला स्वतःबद्दल असं काही दिसतं जे प्रश्नोत्तरांत दिसत नाही. दुःख बरं होतं, असं मी म्हणत नाहीये. नवरा गेल्याचं दुःख हा आजार नाहीच. त्यावर चढलेला दोष, लाज, भीती, हे सुटं करता येतं.

पुरावा_दाखवा

एवढा दावा मला मान्य होण्यासारखा आहे. धन्यवाद.

वाकळ

मी कधी इथे लिहीत नाही, फक्त वाचते. दारव्हा तालुक्यातली आहे. माझे मिस्टर जाऊन बरीच वर्षं झाली.

मला कुणी थेरपी वगैरे दिली नाही. त्यांचे कपडे सासूबाईंनी वाटून टाकायला काढले होते, त्यातले चार शर्ट मी लपवून ठेवले. दोन वर्षं पेटीत होते, हात लावायची हिंमत नव्हती. मग एका पावसाळ्यात मुलांसाठी वाकळ शिवायला घेतली आणि ते शर्ट काढले. कापताना पहिल्या शर्टाच्या खिशात बसचं तिकीट निघालं, यवतमाळचं. मला राग आला. इतका राग की मी कात्री फेकली. तोवर मी फक्त रडत होते, मला राग आलाय हे मला माहीतच नव्हतं. यवतमाळला गेले होते म्हणजे कुणाला तरी भेटले, कुणाशी तरी बोलले, मला सांगितलं नाही.

तो खिसा मी तसाच ठेवला, गुंडीसकट. वाकळीच्या मधोमध आहे. बारीक धावदोरा घातलाय चारी बाजूंनी. मुलगी लहान होती तेव्हा त्यात शेंगदाणे ठेवायची. पूर्ण वाकळ व्हायला एक उन्हाळा आणखी गेला. शिवताना मी त्यांच्याशी भांडायची, मनातल्या मनात. शेवटी शेवटी भांडण कमी झालं.

ताईंचं वाचून वाटलं की मी जे केलं त्याला काहीतरी अर्थ होता. म्हणून लिहिलं.

गेरू_चुना

ताई, मी तुमचा प्रतिसाद परत परत वाचला. राग हा दुःखातला सगळ्यात दबलेला भाग असतो. आपल्याकडे तर गेलेल्या माणसावर रागवायचं नाही असाच दंडक आहे. त्यामुळे बायका सगळा राग स्वतःवर घेतात. तुमच्या सुईने तो जिथला तिथे नेऊन ठेवला. तुमची परवानगी असेल तर ही गोष्ट मी माझ्या बैठकीत सांगीन, गाव न सांगता.

वाकळ

सांगा. खिशाचं नक्की सांगा.

कास्तकारपुत्र

सगळं वाचून रायलो. पण एक बोलतो, राग मानू नका. कापसाले भाव नाही, सोयाबीनचा लागवड खर्च निघत नाही, पिकविम्याचे पैसे येत नाहीत, अन् आपण चित्रं काढायच्या गोष्टी करून रायलो. दुखणं मनाचं नाही, भावाचं आहे. माणसाच्या डोक्यात बिघाड हाय असं दाखवलं की सरकार सुटलं.

गेरू_चुना

भाऊ, राग कसला. हे कुणीतरी बोलायलाच हवं होतं. हमीभाव, कर्जमाफी, सिंचन यांच्या जागी कुणी समुपदेशन आणत असेल तर मीही तुमच्या बाजूला उभी राहीन. चित्राने क्विंटलमागे एक रुपया वाढत नाही.

पण घर सावरायचं कुणी? भाव मिळवायची लढाई लांबची आहे, तोवर ती बाई रोज सकाळी उठून वावरात जातेच ना. आमच्या गटातल्या एकीचं जमिनीचं फेरफार रखडलं होतं, वारस म्हणून नाव लागत नव्हतं. तिला तहसीलची पायरी चढायचीच हिंमत होत नव्हती, लोक बोट दाखवतील म्हणून. बैठकीतल्या दोघी तिच्यासोबत गेल्या. एकत्र बसून माती कालवणाऱ्या बायका एकमेकींच्या झाल्या होत्या, म्हणून गेल्या. नाव लागलं. याला थेरपी म्हणा, नका म्हणू.

कास्तकारपुत्र

हे पटलं ताई. आता खरं कारण सांगतो. माह्ये बाबा दोन महिन्यापासून बोलत नाहीत. जेवण कमी झालं. रात्री ओसरीत बसून रायतात. बैलजोडी विकली तवापासून. त्यायले चित्र काढा म्हटलं तर हाकलून देतीन. काय करू?

मनवैद्य

@कास्तकारपुत्र, हे आधी वाचा, बाकी सगळं नंतर.

आजच बाबांजवळ बसून स्पष्ट विचारा, "बाबा, जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट माणसाला बरं वाटतं की कुणी विचारलं. घरात, गोठ्यात फवारणीचं औषध असेल तर आजच बाहेर काढा, नातेवाइकांकडे कुलपात ठेवा. हे फार महत्त्वाचं आहे, कारण आपल्या भागात अशा वेळी हाताशी असतं ते हेच. टेली-मानस १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. तुम्ही स्वतः बाबांसाठी फोन करून सल्ला घेऊ शकता. आणि जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य विभाग असतो, तिथे त्यांना घेऊन जा. झोप आणि भूक गेली आहे, दोन महिने झालेत, म्हणजे तपासणी हवीच. बाबा "हो" म्हणाले तर क्षणभरही एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

गेरू_चुना

सरांनी सांगितलं तेच आधी. कागद-रंग सध्या बाजूला.

पण तुम्ही बैलजोडीचं लिहिलं ते वाचून थांबले. बैल विकलेला माणूस कुणाजवळ रडणार? बाबा सावरले, औषध सुरू झालं, की मग पुरुषांसाठी आम्ही जे करतो ते सांगते. त्यांना "चित्र काढा" म्हणत नाही, काम देतो. तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल दुरुस्त करणं, घासणं, रंगवणं, गोंडे वळणं, झूल शिवणं. गावातल्या लेकरांचे बैल आणून ओसरीवर ठेवायचे. एक आजोबा बैलाची शिंगं रंगवता रंगवता, आपल्या बैलाचं डावं शिंग कसं वाकडं होतं ते सांगायला लागले आणि मग तासभर थांबले नाहीत. तोवर त्यांनी "विकला, संपलं" याच्यापुढे शब्द काढला नव्हता.

कास्तकारपुत्र

औषधाचे डबे आत्ताच काढले, मामाच्या घरी नेऊन ठेवतो. आईले पण सांगतलं. उद्या सकाळी फोन लावतो.

मनवैद्य

उत्तम. पण फोन उद्यावर ठेवू नका, आत्ता लावा. आत्ताही कुणीतरी उचलेल.

आशा_धारणी

मी मेळघाटात आशा वर्कर आहो. आमच्या इकडं कोरकू लोकायत माणूस गेला की त्याच्या नावानं लाकडाचा मुंडा कोरतात. त्याच्यावर सूर्य, चंद्र, घोड्यावर बसलेला माणूस. सगळं गाव मिळून करतात, नाचतात, जेवतात. मले पहिले वाटे हे फक्त रीतभात हाय. आता ताईचं वाचून वाटलं का दुःख हातानं घडवून एका जागी उभं करणं हेच तं हाय. पण नव्या पोरायले हे करायचा कंटाळा येते, पैसेही लागतात.

ताई, आम्हाले याचं शिक्षण कुठं भेटन? का आम्ही असंच सुरू करू शकतो?

नागपूरकर_इतवारी

@आशा_धारणी, मुंड्याबद्दल माहिती नव्हती, फार सुंदर. आमच्याकडे नागपूरला पोळ्याच्या पाडव्याला मारबत, म्हणजे मोठा पुतळा, मिरवणुकीने निघते. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून. रोगराई, ईडापीडा "घेऊन जा गे मारबत" म्हणत गावाबाहेर नेऊन जाळायची. विदर्भातल्या कितीतरी गावांत लहान मारबती निघतात. त्रासाला आकार द्यायचा, नाव द्यायचं आणि सगळ्यांनी मिळून वेशीबाहेर काढायचं.

गेरू_चुना

दोघांनाही मनापासून धन्यवाद. मुंडा आठवण उभी करतो, मारबत त्रास बाहेर टाकते. दोन्हींची गरज वेगवेगळ्या वेळी लागते. आमच्या बैठकीत काही जणी चित्र जपून ठेवतात, काही चुलीत घालतात. दोन्हीला हरकत नाही, फक्त निर्णय त्यांचा.

@आशा_धारणी, स्पष्टच सांगते. आर्ट थेरपिस्ट होण्यासाठी रीतसर शिक्षण आणि देखरेख लागते. ब्रिटनमध्ये तर नोंदणी नसेल तर स्वतःला तसं म्हणवूनही घेता येत नाही. पण मोकळी बैठक तुम्ही नक्की घेऊ शकता, तिला थेरपी म्हणू नका. सुरुवात वाईट आठवणीने करू नका. "जिथं तुले बरं वाटते ती जागा काढ" इथून करा, नदी, माहेरचं अंगण, मोहाचं झाड, काहीही. कुणी रडलं तर रडू द्या, कुणी घाबरून थरथरायला लागलं तर चित्र बाजूला ठेवा, पाणी द्या, पाय जमिनीवर टेकवायला सांगा, आजूबाजूला काय दिसतं ते विचारा. आणि त्या बाईला पुढे कुठे पाठवायचं ते बैठक सुरू करायच्या आधी ठरवून ठेवा. तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना सांगूनच सुरू करा.

साहित्याचं विचारलं नाहीत, पण सांगते. गेरू, चुना, हळद, नीळ, चुलीतला कोळसा. फाल्गुनात पळसाची फुलं रात्रभर पाण्यात भिजवली की केशरी रंग मिळतो, लेकरांना तो फार आवडतो. आपली काळी माती नुसती वापरली तर वाळताना तडकते, बाईने केलेली वस्तू दुसऱ्या दिवशी दुभंगलेली दिसली की तिच्या मनाला लागतं. म्हणून रेती आणि थोडं बारीक कुटार मिसळा, नाहीतर कुंभाराकडून माती आणा.

सेलू_वर्धा

सेवाग्रामला बापू कुटीत गेलात तर मीराबेननी मातीच्या भिंतीवर उठावात केलेली ताडाची झाडं, चरखा, मोर नक्की पाहा. साध्या मातीत केलेलं काम आहे. गटाला घेऊन जायला चांगली जागा, वर्ध्याच्या आसपासच्या लोकांना एका दिवसात होतं.

वैनगंगा_मास्तर

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, गडचिरोली जिल्हा. माझ्या वर्गात एक मुलगा आहे, गेल्या वर्षी त्याचे वडील गेले. तो प्रत्येक चित्र काढून झाल्यावर त्यावर काळा खडू फिरवतो. वरचा धागा वाचून रंगाचा अर्थ लावायचा नाही हे कळलं. पण मग करायचं काय? दुर्लक्ष?

मनवैद्य

दुर्लक्ष नाही, कुतूहल. घर-झाड-माणूस काढायला लावून स्वभाव सांगायची चाचणी १९४८ पासून प्रचारात आहे, आणि एकेका खुणेवरून निदान करणं किती बेभरवशाचं हे पुढच्या काळात वारंवार दिसून आलंय. काळ्या खडूची कारणं शंभर असतील. वर्गाच्या डब्यात धड तोच खडू उरला असेल. त्याला लपवायचं असेल. तो रात्रीचं चित्र काढत असेल. तुम्ही फक्त म्हणा, "मला याच्याबद्दल सांगशील?" तो "नाही" म्हणाला तर "बरं" म्हणा आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याच्याजवळ बसा. चित्रापेक्षा बाकीचं बघा: जेवतो का, खेळतो का, शाळा बुडवतो का, मित्र आहेत का.

वैनगंगा_मास्तर

आज विचारलं. म्हणाला, "खाली जंगल हाये. दिसू नये म्हणून झाकतो." बाकी काही बोलला नाही. जेवतो नीट, एक मित्र आहे.

आणखी एक. २६ जानेवारीला वर्गातल्या चित्रांचं प्रदर्शन लावा असं वरून सांगितलंय, पालक आणि पाहुणे येतील. त्याचं चित्र खरोखर सुंदर आहे, काळ्याच्या आतून हिरवं दिसतं. लावलं तर त्याला हुरूप येईल का?

गेरू_चुना

लावू नका सर. हुरूपासाठी त्याचं दुसरं एखादं चित्र लावा, कार्यानुभवाच्या तासातलं, तेही त्याला विचारून. जे त्याने मुद्दाम झाकलं, ते शंभर माणसांसमोर भिंतीवर टांगलं तर झाकून काही उपयोग नाही एवढंच तो शिकेल. पाहुणे विचारतील, "याच्या बापाला काय झालं?" म्हणजे पुन्हा तीच तलाठ्याची चौकशी सुरू.

अशा चित्रांसाठी प्रत्येक मुलाला एक जाड कागदाचं पाकीट करून द्या, वर नाव त्याच्याच अक्षरात. फोटो काढून ग्रुपवर टाकू नका, कौतुकानेसुद्धा. त्याला घरी न्यायचं असेल तर नेऊ द्या, फाडायचं असेल तर फाडू द्या. गुप्ततेला अपवाद एकच: मूल त्याच्यावर अत्याचार होतोय असं काही सांगेल किंवा जिवाला धोका दिसेल, तर ते आपल्यापाशी ठेवायचं नाही. लैंगिक अत्याचार असेल तर २०१२ च्या पोक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे. मुलांसाठी १०९८ हा नंबर आहे. हे मुलांनाही आधीच सांगून ठेवा, नंतर त्यांना फसवल्यासारखं वाटायला नको.

वैनगंगा_मास्तर

समजलं. प्रदर्शनात झेंडा, गाव, प्राणी अशी चित्रं लावतो, ज्यांनी हो म्हटलं त्यांचीच. केंद्रप्रमुखांशी उद्या बोलतो. शाळेत जुनी लोखंडी पेटी आहे, पाकिटं तिच्यात ठेवीन. कुलूप घ्यावं लागेल, ते बाजारच्या दिवशी आणतो.